बाजाराकडची खिडकी

निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, निदान महाबळेश्वरला तरी जातात. मी यंदा चैत्रात बारामती-इंदापूरकडे जाऊन एक तुरुंग बघून आलो. शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग आमच्या हिच्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, की मला खुलासा करावा लागला: बघून आलो, राहून नाही.

माझी सगळी नोकरी महापालिकेत आरोग्य निरीक्षक म्हणून गेली. गटारं, मुताऱ्या, खानावळींच्या मोऱ्या आणि पाण्याच्या टाक्या हेच माझं जग. रत्नमाला ही कोऱ्हाळ्याची मुलगी आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहून वकील झाली आणि आता बारामतीला वकिली करते. ज्यांना वकील परवडत नाही अशा कैद्यांच्या केसेस ती कोर्टाच्या सांगण्यावरून चालवते. तिकडच्या एका सबजेलात आरोग्याची काय व्यवस्था आहे ते बघून सांगा, असं कोर्टानं तिला सांगितलं होतं आणि सोबत एक जाणकार न्यायची मुभा दिली होती. तिचा फोन आला, "काका, मला तुमचं नाक पाहिजे." असं आमंत्रण मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी बॅग भरली.

ते सबजेल नेमकं कुठलं ते मी लिहिणार नाही. त्या पट्ट्यातलं एक मोठं बाजाराचं गाव, एवढं पुरे.

मोरगाव

पुण्याहून निघालेली एसटी मोरगावला थांबली आणि मी चहाला उतरलो. सासवड सुटल्यापासून रान कोरडं होत गेलं होतं. बाजरीची, ज्वारीची काढून झालेली शेतं, मध्येच एखादी बाभळ आणि तिच्या सावलीत दाटीवाटीनं उभ्या शेळ्या. टपरीवाल्यानं चहा बशीत ओतून दिला. पुण्यात बशीतून चहा प्यायलो की आमची ही डोळे वटारते; इथं बशी न घेणारा माणूस लोकांना आजारी वाटतो. मी फुर्र करून दोन बशा संपवल्या, मान वर केली, तर एसटी गेलेली. माझ्या बॅगेसकट.

"माझी बॅग!" मी ओरडलो.

बाकावर बसलेल्या पटकेवाल्या म्हाताऱ्यानं शांतपणे तंबाखू मळत विचारलं, "यष्टी बारामतीलाच चाललीया न्हवं?"

"हो."

"मग बॅग बारामतीला पोचली की. तुमीच हितं राहिला."

पुढची गाडी येईपर्यंत देवळात जाऊन आलो, सावलीला बसलो, आणि एका शेळीनं माझ्या झब्ब्याचं टोक चावून ओलं केलं. बॅग दुसऱ्या दिवशी डेपोत सापडली. आतला थर्मामीटर शाबूत होता, डब्यातल्या चकल्या मात्र कुणीतरी चवीपुरत्या घेतल्या होत्या.

कोऱ्हाळे बुद्रुक

मुक्काम रत्नाच्या माहेरी. मोरगावपासून हे गाव फार लांब नाही, पण कालव्याचं पाणी लागलं की जमीन ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना ऊस, पाटात झुळझुळ पाणी, आणि हवेला कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. माझं नाक लगेच कामाला लागलं. रत्ना म्हणाली, "काका, इथलं नको. परवासाठी राखून ठेवा."

तिचे वडील, तात्या, प्राथमिक शाळेचे निवृत्त गुरुजी. लहानपणी आपल्या वडिलांचं बोट धरून त्यांनी धम्म स्वीकारला. ओसरीवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा मोठा फोटो, आणि खाली मुलानातवंडांच्या पदव्यांचे फोटो ओळीनं. धाकटा मुलगा ऊस बघतो आणि कारखान्याचा सभासद आहे. दारात "जय भीम" झालं, हातावर पाणी घातलं गेलं, आणि कुणी काही विचारायच्या आत ताट पुढं आलं. आमच्याकडे पाहुण्याला "जेवणार का?" असं विचारतात आणि पाहुणा "नको नको" म्हणतो, मग आणखी दोनदा तेच. या नाटकाला इथं जागाच नव्हती. काळ्या मसाल्याचं वांगं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. रत्नाच्या आईनं तिसरी भाकरी वाढली तेव्हा मी हात आडवा धरला. त्यांनी भाकरी हातावरच ठेवली.

जेवण झाल्यावर तात्यांनी विचारलं, "तिथं ठेवलेली माणसं म्हणजे शिक्षा झालेली का?"

"नाही तात्या," रत्ना म्हणाली. "कच्चे कैदी. खटला चालू आहे. कुणाला जामीन मिळाला नाही, कुणाला जामीनदार."

"म्हंजे गुन्हा केलाय का न्हाय हे अजून ठरलंच न्हाय. आन शिक्षा आधीच सुरू." तात्या चष्मा पुसत म्हणाले. "शाळेत पोरगं वर्गाबाहेर उभं करायच्या आधीसुद्धा मी विचारत होतो, काय केलंस म्हणून."

सबजेल

तालुक्याच्या कचेरीला चिकटून असतं ते सबजेल. कारभार महसूल खात्याकडे, पहारा पोलिसांचा, जेवण ठेकेदाराचं. म्हणजे तिघांत मिळून कुणाचंच नाही. आम्ही येणार हे आधी कळवलेलं होतं, त्यामुळे भिंती ओल्या चुन्यानं पांढऱ्याफेक होत्या आणि आत शिरताच फिनेलचा असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी. शिवाय कोपऱ्याकोपऱ्यात ढेकणांची पावडर. मी आयुष्यभर जिथं गेलो तिथं माझ्या आधी फिनेल पोचलेलं असायचं, त्यामुळे मला त्याचं नवल नव्हतं. पण इथं अंगणात, भिंतीच्या चिमूटभर सावलीला एक म्हातारा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसला होता आणि एकेक श्वास ओढून काढत होता. छातीतली शिटी मला लांबून ऐकू आली.

"ह्यांना काय झालं?" मी पहाऱ्यावरच्या शिंदे हवालदारांना विचारलं.

"ग्यानबा कळंबकर. दम्याचा पेशंट हाय, साहेब. सकाळी फिनेल टाकलं आन तवापासनं असाच बसलाय."

"फिनेल कशाला टाकलं?"

हवालदारांनी माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. "तुमी येणार म्हणून."

मला संताप आला. बोलणार तरी कुणाला? मी ग्यानबांशेजारी खाली बसलो. साठीच्या पुढचा माणूस, अंगात गंजीफ्रॉक, गळ्यात काळा दोरा. रत्नानं मला येतानाच सांगितलं होतं, कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून भावकीत मारामारी झाली, चुलतभावाचं डोकं फुटलं, त्यात हे अडकले. जामिनाची पुढची तारीख कोर्टाच्या उन्हाळ्याच्या सुटीनंतरची. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी तिला तोंडी सांगितलं होतं, त्या खोलीत हा माणूस उन्हाळा काढणार नाही.

खोली बघितल्यावर डॉक्टरांचं म्हणणं पटलं. पुढं गजांचं दार अंगणाकडे, आणि मागच्या भिंतीत उंचावर एक चांगली रुंद खिडकी. बांधणाऱ्यानं हवा आरपार जाईल असा विचार केला होता. पण खिडकीवर बाहेरून पत्रा ठोकलेला. कोपऱ्यात संडास, त्याला गुडघ्याएवढी भिंत, आणि संडासाला पाणी ज्या टाकीतून, त्याच टाकीतलं प्यायला. खोलीत माणसं अशी की रात्री कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला सांगावं लागत असेल. एका कैद्यानं मला खांद्यावर उचलून धरलं आणि मी पत्र्याला हात लावला. तापल्या तव्याला लावल्यासारखा ओढून घेतला. थर्मामीटर काढायची गरजच उरली नाही.

नायब तहसीलदार साहेबांनी आम्हाला चहा दिला. माणूस वाईट नव्हता. टँकर कुठल्या गावाला किती, यानं त्यांचं डोकं आधीच उठलेलं. टाकी वेगळी करण्याचं, संडासाला आडोसा बांधण्याचं त्यांनी ताबडतोब कबूल केलं. पत्र्याचं नाव काढल्यावर मात्र खुर्चीत सरळ झाले.

"तो निघणार नाही. मागं बोळ आहे आणि बोळाच्या तोंडाशी बाजार. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांची माणसं येतात आणि दवाखान्यातल्या पेशंटला भेटावं तशी खिडकीला येऊन भेटतात. भाकरी टाक, तंबाखू टाक. उद्या कुणी आत ब्लेड टाकलं तर चौकशी माझी."

"साहेब," रत्ना शांतपणे म्हणाली, "यांना अजून शिक्षा झालेली नाही. आणि झाली असती तरी हवा बंद करा असं कुठल्या कोर्टानं सांगितलंय?"

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं कायद्यानं बरोबर आहे. पण बोळात पहिली उभी राहते ती त्या ग्यानबाची बायको. ड्रमवर चढून उभी राहते. तिचं बघून बाकीच्या येतात. तिला आवरा, मी पत्रा काढतो."

कळंब

म्हणून दुसऱ्या दिवशी कळंब. वाटेत वालचंदनगरचा धूर दिसला, मग ऊस, मग मोकळी रानं. ग्यानबांचं घर गावाच्या कडेला, सारवलेलं अंगण, दारात बांधलेली कालवड. त्यांची बायको पारूबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. किरकोळ बांधा, कपाळावर मोठं कुंकू, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या बांधावर ऐकू जाईल असा. रत्नाला त्या ओळखत होत्या. मी कोण म्हटल्यावर रत्नानं सांगितलं, "हे पुण्याचे काका. हवापाण्याचं बघतात."

"मग कारभाऱ्याची खोली बघितली का, आबा?"

मी बघितली म्हणालो. त्यांनी सूप खाली ठेवलं. "कशी हाय ओ आतनं? मला निसती खिडकी म्हाईत. त्यात बी आता पत्रा."

मी काय सांगणार? रत्नानंच सगळं सांगितलं, न लपवता. दम, फिनेल, डॉक्टर काय म्हणाले, साहेब काय म्हणाले.

पारूबाई कालवडीकडे बघत म्हणाल्या, "म्हंजी पत्रा माझ्यापायी ठोकला."

"एकट्या तुमच्यापायी नाही," रत्ना म्हणाली. "आणि तुमचा काही गुन्हाही नाही. भेटणं हा तुमचा हक्क आहे. समोरच्या दारानं भेट मिळवून देते मी, पंधरवड्यातून एकदा."

"पंधरा दिसांनी." त्यांनी बोटं मोडत मनाशी काहीतरी हिशेब केला. "आन बाजारच्या बाजारी मी जायाची ती बंद."

"हो. साहेब तेवढ्यावरच तयार आहेत. मी भांडून बघेन, पण कोर्ट आता सुटीवर जाईल. तोवर—"

"तोवर ह्येंनी दम कुठनं आणायचा?" पारूबाईंनी वाक्य पुरं केलं. "पत्रा निघंल तर वारं लागंल का ओ त्येंना?" हे मला.

"लागेल," मी म्हणालो. "आरपार येईल. संध्याकाळी तर चांगलंच."

"मग न्हाय जात मी." एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या. चुलीवरचा गुळाचा चहा आला. तो कसा होता हे मला आठवत नाही, आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत माझ्याकडून असं सहसा होत नाही.

पुन्हा सबजेल

पारूबाई आमच्याबरोबर एसटीनं आल्या. रत्नानं साहेबांपुढं बाजू मांडली: बाई बोळात येणार नाहीत, समोरून भेट द्या, पत्रा काढा. साहेबांनी डोकं खाजवलं.

"असं तोंडी कोण पाळतं? आणि लिहून घेतलं तरी उपयोग नाही, मॅडम. मी रोज लोकांचे अंगठे घेतो, रोज ते फिरतात."

शिंदे हवालदार दारातून म्हणाले, "साहेब, बेलभंडार उचलायला सांगा की. खंडोबाला मानणारं घर हाय त्येंचं. उचलल्यावर मोडायची न्हाय बाई."

साहेबांचा चेहरा उजळला. सरकारी शिक्क्यावर नसेल एवढा त्यांचा भंडाऱ्यावर विश्वास असावा. रत्ना माझ्याकडे वळून पुटपुटली, "काका, हे कोर्टाला कुठल्या कलमाखाली सांगू?" पण तिनं आडकाठी केली नाही. शिपाई पळाला, कोपऱ्यावरच्या देवळातून हळदीचा भंडारा आणि बेलाचं पान घेऊन आला. कचेरीच्या व्हरांड्यात, टँकरच्या अर्जांसाठी ताटकळलेल्या माणसांच्या देखत, पारूबाईंनी डोक्यावर पदर घेतला, बेलभंडार उजव्या तळव्यावर घेतला आणि कपाळाला लावला.

"त्या बोळात मी पाय ठेवणार न्हाय. देवाची आण."

व्हरांड्यातलं कुणीतरी "येळकोट" म्हणालं, हळूच. मला वाईट वाटलं. नवऱ्याला हवा मिळावी म्हणून त्याला बघणं सोडायचं, अशी अदलाबदल करायला लावणारे आम्ही कोण? खिडकी त्याची, हवा त्याची, बायकोही त्याचीच. पण दुपार तापत होती आणि आत छातीची शिटी चालू होती.

पत्रा काढायला सुतार आला. खिळे गंजले होते, जोर लावावा लागला. शेवटचा कोपरा सुटला आणि पत्रा दणकन बोळात पडला. मी आतल्या बाजूला उभा होतो. पहिल्यांदा आली ती धूळ, मग उजेड, आणि मग वाऱ्याची एक झुळूक, गरमच, पण चालती. ग्यानबा भिंतीला धरून उठले आणि खिडकीखाली जाऊन बसले. तोंड वर करून, डोळे मिटून.

"आलं का वारं?" मी विचारलं.

त्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी मान हलवली. पत्रा का निघाला हे रत्नानं त्यांना सांगितलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

इंदापूर

रत्नाला इंदापूरच्या कोर्टात काम होतं, म्हणून तिच्याबरोबर तिकडे गेलो. उजनीच्या धरणाचं पाणी बघितलं. ज्या बाजूला नजर टाकावी तिकडे पाणी, काठाला बोटी, आणि पाण्यातून डोकं वर काढलेले झाडांचे वाळके शेंडे. मासे विकणारी एक बाई मला पुण्याचा म्हणून भाव वाढवून सांगत होती आणि मी पुण्याचा म्हणून तो पाडत होतो. दोघांनाही आपापलं काम येत होतं. खानावळीत तिखटजाळ रस्सा खाल्ला. नाकातून आणि डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारा म्हणाला, "कमी तिखट केलाय, साहेब, तुमच्यासाठी."

वारा पाण्यावरून थंड होऊन येत होता. काठावर बसलो होतो तेव्हा त्या खोलीची आठवण येत राहिली. इतका वारा, सगळ्यांना पुरून उरेल एवढा, आणि त्यासाठी व्हरांड्यात शपथा.

बाजाराचा दिवस

परतताना रत्ना म्हणाली, एकदा बघून जाऊ. योगायोगानं बाजाराचाच दिवस होता. ग्यानबा आत भिंतीला टेकून बसले होते. शिटी होती, पण बारीक. "झोप लागली ओ राती," ते म्हणाले. एवढंच. मला बरं वाटलं. शिंदे हवालदार बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून पहाऱ्यावर होते आणि बोळात चिटपाखरू नव्हतं.

बाजार मात्र भरला होता. गवार, कैऱ्या, बोंबील, चपलांचे ढीग. आणि तेवढ्यात तो आवाज ऐकू आला. शेताच्या दुसऱ्या बांधावर जाणारा.

"शेवगा घ्या, शेवगा! कवळा शेवगा!"

बोळाच्या तोंडापासून हातभर लांब, बाजाराच्या अगदी शेवटच्या टोकाला, गोणपाटावर शेवग्याच्या शेंगांच्या थोड्या जुड्या मांडून पारूबाई बसल्या होत्या. गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं. तोंड बोळाकडे.

"शेवगा घ्या! कालवड गाभण हाय! घ्या शेवगा!"

शेजारची कांदेवाली हसायला लागली. एका पोरीनं आईला विचारलं, ही बाई असं काय ओरडते?

"पाण्याची पाळी मिळाली! धाकल्यानं भिजवलं समदं! शेवगा घ्या!"

मी हवालदारांकडे बघितलं. ते टोपी काढून आतली पट्टी पुसत होते. "चालतं का हे?" मी विचारलं.

"बाजारात वरडायला बंदी न्हाय, साहेब," ते म्हणाले. "आन बाईनं बोळात पाय ठेवलेला न्हाय. मी बघतोय की सकाळधरनं."

रत्ना डोळे पुसत हसत होती. मी जवळ गेलो. पारूबाईंनी मला ओळखलं, पण ओरडणं थांबवलं नाही. एक हाक पुरी केली, मगच "या आबा" म्हणाल्या. त्यांनी आयुष्यात कधी बाजारात बसून काही विकलं नव्हतं, हे त्या जुड्यांवरूनच कळत होतं. काही बोटाएवढ्या, काही जून होऊन वाकलेल्या. मला काहीतरी करावंसं वाटत होतं आणि पुणेकराला अशा वेळी सुचतं तेच सुचलं. मी पिशवी उघडली आणि म्हणालो, "सगळ्या द्या. मी नेतो घरी."

पारूबाईंनी दोन्ही हात जुड्यांवर आडवे घातले.

"एक न्या, आबा," त्या म्हणाल्या. "समदा शेवगा तुमीच नेला, तर मग मी वरडू काय?"